सरपंचाला जाब विचारायचा असेल तर प्रोसिडिंग बुकापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सरपंच थेट जनतेतून निवडून येऊन दीड वर्ष झालं. ग्रामसभा कागदावरच होतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतून काय झालं हे गावात कुणालाच नीट सांगता येत नाही. आमदार भूमिपूजनाला येतात, नारळ फोडतात, निघून जातात. मग पाच वर्षं गप्प बसायचं का? आणि लोकप्रतिनिधीला परत बोलावण्याचा हक्क मिळाला तर हे सुटेल का?

मी ग्रामपंचायत सदस्यांची प्रशिक्षणं घेते आणि दोन दशकांहून जास्त काळ ग्रामसभांबरोबर काम करते आहे. परत बोलावण्याबद्दल बहुतेक प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतं, म्हणून आधी त्याचं उत्तर देते.

सरपंचाच्या बाबतीत तो हक्क महाराष्ट्रात आजच आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 35 नुसार दोन तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांकडे अविश्वासाची नोटीस द्यायची, तीन चतुर्थांश सदस्यांनी तो ठराव मंजूर करायचा, आणि सरपंच थेट निवडून आलेला असेल तर त्यानंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान होतं. तिथे गावाने मान्यता दिली तर सरपंच जातो. निवडणुकीपासून पहिली दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही. म्हणजे तुमच्या गावात आज तो मार्ग बंदच आहे. मध्य प्रदेशात नगराध्यक्षांसाठी अशीच सोय गेल्या पंचवीसेक वर्षांपासून आहे. 2001 साली अनूपपूरमध्ये लोकांनी मतदान करून नगराध्यक्षांना पदावरून उतरवलं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात, भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची.

एवढं असूनही मी कोणत्याही गावाला ‘अविश्वास आणा’ म्हणून सल्ला देत नाही. मी पाहिलेले बहुतेक अविश्वास ठराव गावाच्या रागातून आलेले नव्हते, ते गटांच्या फाटाफुटीतून आले होते. ठेका कुणाला द्यायचा यावरून बिनसलं की सदस्य सहलीला नेले जातात आणि ठराव येतो. राखीव जागेवर आलेली, कुणाचं न ऐकणारी बाई किंवा दलित सरपंच असेल तर तो आणखी लवकर येतो. त्या सगळ्या धावपळीत ‘पाण्याच्या टाकीचे पैसे कुठे गेले’ हा प्रश्न कुणीच विचारत नाही. नवा सरपंच येतो आणि जुन्या खर्चाबद्दल हात झटकतो. सरपंच हटवला म्हणून हिशेब मिळतो असं मी क्वचितच पाहिलं आहे. तुम्हाला हिशेब हवा आहे, आणि तो मागायला दोन वर्षं थांबायची गरज नाही.

गावाचा कारभार बघायचा तर मी सर्वांत आधी प्रोसिडिंग बुक मागते. ग्रामसभेचं इतिवृत्त त्यात लिहिलं जातं आणि बहुतेक गावांत घोळ तिथेच होतो. पद्धत अशी असते: सभेला आलेल्यांच्या सह्या कोऱ्या पानांवर घेतल्या जातात, लोक घरी जातात, आणि ठराव नंतर सवडीने लिहिले जातात. कधीकधी सहीचा कागद दारोदार फिरवला जातो आणि सभा झालेलीच नसते. पुढे एखादं काम निघालं की कळतं, ‘ग्रामसभेने एकमताने मंजूर केलं आहे’, आणि खाली तुमचीच सही असते.

यावर उपाय कायद्यातच आहे. प्रत्येक ग्रामसभेच्या अजेंड्यावर पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो. नव्वद टक्के सभांमध्ये ‘वाचलं, वाचलं, पुढे चला’ म्हणत तो अर्ध्या मिनिटात उडवला जातो असा माझा अंदाज आहे. तिथेच थांबा. उभं राहून शांतपणे म्हणा, ‘मागचं प्रोसिडिंग अक्षरशः वाचा.’ वाचताना जो ठराव सभेत झालाच नव्हता तो ऐकू आला, तर ‘हा ठराव झाला नव्हता, अशी हरकत नोंदवा’ एवढंच म्हणा आणि हरकत तुमच्या नावासह लिहिली जाईपर्यंत बसू नका. दुसरी गोष्ट आजच्या सभेची. ठराव जागेवरच लिहायचे, सूचक आणि अनुमोदकाचं नाव टाकायचं, शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ मारायची आणि मगच सह्या करायच्या. भांडण न करता एवढं दोन-तीन सभांमध्ये पाळलं की लिहिणाऱ्याचा हात सावध होतो. हे मी अनुभवाने सांगते.

आता सभा भरायलाच हवी, त्याविषयी. कलम 7 नुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा प्रथेने ठरलेल्या आहेत. नोटीस सात दिवस आधी लागते. गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. तुमच्या गावात 2200 मतदार आहेत म्हणता, म्हणजे 100 माणसं पुरतात. पण तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि खेळ इथे होतो. पहिली सभा कोरमअभावी तहकूब करायची आणि दुसरी दहा माणसांत उरकायची. म्हणून तुमचं पहिलं काम शंभर माणसं वेळेवर नेणं हे आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. मी जिथे जिथे ग्रामसभा जिवंत होताना पाहिली तिथे सुरुवात महिला सभेतून झाली होती, कारण नळाला पाणी किती वाजता येतं आणि रेशन किती मिळतं हे बायकांना आकड्यांसकट माहीत असतं.

सरपंचाने पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभा घेतली नाही तर तो पदावर राहण्यास अपात्र ठरू शकतो, आणि सचिवावरही, म्हणजे ग्रामसेवकावरही, कारवाई होते. कारण पुरेसं होतं की नव्हतं हे जिल्हाधिकारी ठरवतात. ही तरतूद किती सरपंचांना माहीत नसते याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. लेखी अर्जात कलम 7 चा नुसता उल्लेख केला तरी पुढची सभा वेळेवर लागते.

पैशांबद्दल. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकासाचा कार्यक्रम, आणि शेवटचा लेखापरीक्षण अहवाल व त्याला दिलेली उत्तरं ठेवावी लागतात. हे कलम 8 आहे. ‘हिशेब द्या’ असं मोघम मागू नका. मोघम मागणीला मोघम उत्तर मिळतं, ‘सगळं ऑनलाइन आहे, बघा.’ ते खरंही आहे. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या गावाचा विकास आराखडा आणि खर्च बऱ्याच प्रमाणात दिसतो. तो बघून एकच काम निवडा. एकच. आणि त्या एका कामाचे कागद मागा: ग्रामसभेचा ठराव, इस्टिमेट, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, बिलाचं व्हाउचर, आणि नमुना 5 म्हणजे रोकड वहीतली ती नोंद. रस्ता असेल तर नमुना 23 म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीचा उताराही, त्यावरून तो रस्ता ग्रामपंचायतीचा आहे की नाही हे कळतं. एकाच रस्त्याचं बिल दोन योजनांतून निघाल्याचं अनेकदा तिथे उघड होतं.

कागद मिळाले की ते सभेत मोठ्याने वाचायचे. ही पद्धत राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने घडवली. 1994 च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. हजेरीपट आणि बिलं लोकांपुढे वाचली. ज्यांच्या नावावर मजुरी निघाली होती ते समोर बसलेले होते आणि ‘मी तिथे कामाला गेलोच नाही’ असं सांगत होते. माहितीच्या अधिकाराची देशभरातली मागणी अशा सुनवायांतून मोठी झाली. आपल्याकडे 2002 साली राज्याचा कायदा आला आणि 2005 साली देशाचा.

मी काम केलेल्या एका गावात हेच एका सिमेंट रस्त्याबाबत झालं. गावच्या बचत गटातल्या बायकांनी एमबीची प्रत मिळवली. त्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली होती. ग्रामसभेच्या दिवशी सभा आटोपल्यावर सगळे टेप घेऊन रस्त्यावर गेले. लांबी बरोबर भरली. रुंदी थोडी कमी होती. जाडी बघायला कडेला उकरलं तर ती कागदावरच्या निम्म्याच्या आसपास निघाली. कुणी आरडाओरडा केला नाही. मोजमाप लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ते गटविकास अधिकाऱ्यांकडे दिलं आणि पोहोच घेतली. पंचायत समितीच्या अभियंत्याला पुन्हा मोजायला यावं लागलं, ठेकेदाराचं उरलेलं बिल थांबलं, आणि पावसाळ्यानंतर त्याने तो तुकडा पुन्हा नव्याने बांधून दिला. सरपंच त्याच पदावर राहिला. त्यानंतरच्या प्रत्येक कामावर मात्र तो स्वतः टेप घेऊन उभा राहायचा, कारण ग्रामसभा मोजणार हे त्याला माहीत होतं.

कागद देत नसतील तर? आधी एक सोपा रस्ता. राज्य सरकारच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांसह जिल्ह्यातल्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख बघता येतात. ग्रामपंचायतीत गेलात तर आधी बहुधा ‘असं काही नसतं’ असं ऐकायला मिळेल. शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवा. नाहीच जमलं तर माहिती अधिकाराचा अर्ज: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘का’ असं विचारू नका, ‘अमुक कागदाची प्रत द्या’ असं लिहा, कारण अधिकाऱ्यावर कागद देण्याचं बंधन आहे, खुलासा देण्याचं नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. बरीच माहिती या अपिलातच हाती येते. दुसरं अपील माहिती आयोगाकडे, आणि तिथे फार वेळ जातो हे खरं आहे, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. गैरव्यवहार स्पष्ट असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून चौकशी होऊन विभागीय आयुक्त सरपंचाला किंवा सदस्याला काढू शकतात. तक्रार करताना आरोप कमी आणि जोडलेले कागद जास्त, असा अर्ज करा.

इथे सरपंचाच्या बाजूनेही बोलायला हवं. शाळेत मास्तर येत नाहीत, एसटी बंद झाली, ट्रान्सफॉर्मर जळाला, या सगळ्याबद्दल लोक सरपंचाची गचांडी धरतात. यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. तो फार तर पाठपुरावा करू शकतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता, त्यामुळे ‘मंदिरापुढे पेव्हर ब्लॉक का नाही टाकले’ याला त्याचं उत्तर खरंच ‘पैसे त्यासाठी नाहीत’ असं असू शकतं. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते, आणि सरपंचाचा डोंगल, म्हणजे ती सही साठवलेलं पेनड्राइव्हसारखं उपकरण, संगणक परिचालकाकडे किंवा बाईसरपंच असेल तर नवऱ्याच्या खिशात असतो. प्रशिक्षणात मी महिला सरपंचांना पहिला प्रश्न हाच विचारते, ‘ताई, तुमचा डोंगल कुठे आहे?’ पुष्कळ जणी खाली बघतात. अशा बाईला भर सभेत घेरून काही साधत नाही. तिच्या नावावर दुसरा सह्या करतोय हे तिला बाजूला बसवून समजावून सांगा, कारण वसुली निघाली तर ती तिच्याच नावावर निघणार आहे. हे कळल्यावर डोंगल परत घेतलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि त्या नंतर चांगला कारभार करतात.

प्रश्न ज्याचा त्याला विचारायला गावात चार माणसं अभ्यास करणारी लागतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे सगळ्यांना माहीत आहे. देवाजी तोफा यांच्या गावाने घोषणेइतकंच महत्त्व अभ्यास गटाला दिलं, हे कमी सांगितलं जातं. एखादा विषय तिथे आधी बसून समजून घेतला जायचा आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय व्हायचा. तुमच्याकडे पाच-सहा जण महिन्यातून एकदा देवळात बसून एक शासन निर्णय वाचू लागले तरी वर्षभरात सभेचा सूर बदलेल.

आमदारांबाबत कायद्याने परत बोलावण्याची सोय नाही, आणि पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीनंतर तर आमदार मतदारांपेक्षा पक्षाला जास्त बांधलेला आहे. 2022 नंतर राज्यात जे घडलं त्यात मतदाराला कुठेच विचारलं गेलं नाही, याचा राग मलाही आहे. पण दोन गोष्टी आजही तुमच्या हातात आहेत. एक, आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी रुपये आहे. कामं आमदार सुचवतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेतून होते. तालुक्यातल्या कामांची यादी तिथून मागवा आणि गावोगाव प्रत्यक्ष बघून या. सभामंडप आणि प्रवेशद्वारं किती, शाळेच्या खोल्या किती, हे यादी वाचताच कळतं. दोन, पक्षाचा व्हिप, म्हणजे पक्षादेश, सभागृहातल्या मतदानाला लागतो, प्रश्न विचारायला लागत नाही. तुमच्या तालुक्याच्या पीकविम्यावर किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या रिक्त पदांवर आमदारांनी तारांकित प्रश्न विचारला का, लक्षवेधी लावली का, हे विधानमंडळाच्या कामकाजात नोंदलेलं असतं. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिलं असेल तर त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. अधिवेशनाच्या महिनाभर आधी ग्रामसभेचा ठराव करून आमदारांना लेखी द्या: ‘हा प्रश्न विचारावा.’ अधिवेशन संपल्यावर लेखीच विचारा, काय झालं. दहा गावांचे असे ठराव एकदम आले तर कुठलाही आमदार ते बाजूला टाकत नाही, कारण त्याला दहा गावांत पुन्हा फिरायचं असतं.

शहरातल्या वाचकांसाठी थोडंच सांगते, कारण माझं काम खेड्यांत आहे. तुमची अडचण जास्त मोठी आहे. मुंबई सोडली तर महापालिकांत एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक असतात, त्यामुळे कचऱ्याबद्दल नेमकं कुणाला धरायचं हे कळत नाही. मार्च 2022 ला मुंबई, पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. निवडणुका घ्यायला सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. खेड्यात जशी ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा असावी अशी तरतूद कायद्यात आहे, पण ती प्रत्यक्षात भरलेली फारशी दिसत नाही. शहरात माझी पहिली मागणी ती असती.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे, ‘सरपंच भावकीतला आहे, आणि निवडणुकीत आमच्या आळीने पैसे घेतले होते, आता कुठल्या तोंडाने विचारायचं?’ हे अनेकांना वाटतं, म्हणून नीट सांगते. पैसे घेणं चूक आहे आणि पुढच्या वेळी घेऊ नका. पण ग्रामपंचायतीत आलेला निधी हा त्या पाचशे रुपयांचा मोबदला नव्हे. तो गावाचा आहे, आणि पैसे न घेणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचाही त्यावर हक्क आहे. निवडणुकीत पैसे वाटणारा नेमकं हेच धरून चालतो की आता ही माणसं तोंड उघडणार नाहीत. भावकीसाठी तोडगा असा: प्रश्न एकट्याने विचारू नका. पंचवीस-तीस जणांच्या सह्यांचा अर्ज द्या, त्यात प्रत्येक आळीची आणि सरपंचाच्या गटातलीही माणसं असू द्या, आणि सभेत तो अर्ज ज्याचं सरपंचाशी वाकडं नाही अशा माणसाने वाचावा. निवडणुकीत पडलेला उमेदवार पुढे असेल तर पहिल्याच वाक्याला सभा मोडते.

आता लगेच करायचं ते. पुढची ग्रामसभा 15 ऑगस्टची असेल. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत अर्ज द्या की मागच्या दोन सभांच्या प्रोसिडिंगचं वाचन आणि एका ठरावीक कामाचा खर्च, हे दोन विषय अजेंड्यावर घ्यावेत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या. जुलैतल्या एखाद्या सोमवारी दुपारी तिघे-चौघे जाऊन त्या कामाचे कागद बघून, टिपून आणा. 8 ऑगस्टपर्यंत नोटीस लागली की नाही ते बघा, तिचा फोटो काढा. लागली नसेल तर त्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्यांना कळवा. आणि 15 तारखेला झेंडावंदन झाल्यावर कुणाला घरी जाऊ देऊ नका.